कुस्तीत वजनगट, मग मॅरेथॉनमध्ये का नाही?

कोपरारक्षक: सातारा हिल हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर, अर्धी घाट चढून, अर्धी उतरून) करून आलो. वय ३९, उंची पाच फूट दहा, वजन ८४. शाळेपासून बारा वर्षं कबड्डी, उजवा कोपरा. यवतेश्वरच्या घाटात एक ५५ किलोचा गडी शेजारून गप्पा मारत चढून गेला आणि मी आपला श्वास मोजतोय. त्याच्या-माझ्यात २९ किलोंचा फरक, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त. ते पोतं मी वर नेलं, त्याने नाही. आणि निकालात आम्ही दोघं एकाच वयोगटात! कुस्तीत वजनगट असतात, बॉक्सिंगमध्ये असतात. रनिंगवाल्यांनाच काय झालंय?

पहाटे_पाच: वजनगट केले की पोटालाही पदक मिळेल, दादा. वजन काय जन्माला येताना शिक्का मारून येतं? आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं उदाहरण घ्या. सैन्यात असताना वजन वाढलं होतं, ते घाम गाळून उतरवलं आणि २०२२ च्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं, म्हणजे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य आणलं, ८:११.२० मध्ये. गट मागत बसला नाही.

कोपरारक्षक: पोट नाहीये हो! मांड्या आणि खांदे आहेत. समोरच्याचा घोटा धरून ओढायला जे कमावलं, ते आता घाटात ओझं झालंय. आणि साबळे मुळात सडपातळच, त्याने फक्त वाढलेलं उतरवलं. माझी हाडं कुठे उतरवू?

माणदेशी: वजनापेक्षा आधी कोणता खेळ खेळलात ते बघा. आमच्या माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर मुळात खो-खोची. रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. खो-खोत पाठलाग करणारा सतत पळतो, वळतो, बसतो, पुन्हा उठतो. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, मग दम खायला वेळ. बारा वर्षं तुम्ही शरीराला झटके द्यायला शिकवलंत, आता त्याच्याकडे दोन-अडीच तास संथ तग मागताय. ते गोंधळणारच.

टाइमिंगवाला: अंगकाठीचं म्हणाल तर सिडनी ऑलिंपिक २००० ची दहा हजार मीटर आठवा. केनियाचा पॉल टेरगाट सहा फुटांच्या आसपास, इथिओपियाचा हेले गेब्रसेलासी जेमतेम साडेपाच. २५ फेऱ्या पळून दोघांत फरक ०.०९ सेकंदांचा. बुटका जिंकला, पण २००३ मध्ये बर्लिनला मॅरेथॉनचा विश्वविक्रम उंचाने केला, २:०४:५५. २००७ मध्ये त्याच बर्लिनला बुटक्याने तो मोडला. उंचीवरून काय ठरवणार?

कोपरारक्षक: उंचीबद्दल बोललोच नव्हतो. दोघंही काटक्या! माझं म्हणणं पक्कंच झालं की.

निळी_लेन: दोन्ही बाजूंना अर्धंच दिसतंय. मी आधी पोहायचे, चांगली आठ वर्षं. पळायला लागले तेव्हा दम भरपूर, पहिल्याच महिन्यात १५ किलोमीटर गेले. तिसऱ्या महिन्यात नडगीच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं तरी कळ यायची. इंजिन ट्रकचं आणि चाकं सायकलची. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. पाण्यात वजन जाणवतच नाही, त्यामुळे माझ्या पायांना धक्के खायची सवयच नव्हती. कोपरारक्षक, तुमचे पाय तरी मैदानात तयार झालेत.

उन्हाचं मात्र तुमचं खरं आहे. मोठं शरीर जास्त उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकायला त्वचा त्या मानाने कमी पडते. मुंबई मॅरेथॉनला जानेवारीतसुद्धा पेडर रोडच्या चढाला जाडजूड मंडळी आधी भाजून निघतात. पण म्हणून वजनगट? काट्यावर उभं करायला रांगा लावणार कोण?

टाइमिंगवाला: अमेरिकेत काही शर्यतींमध्ये असतो भारी वजनाचा गट. ‘क्लाइड्सडेल’ म्हणतात, गाडा ओढणाऱ्या घोड्याच्या जातीवरून. घ्या, हवंय का हे नाव बिबवर, छातीवरच्या नंबराच्या कागदावर?

कोपरारक्षक: खिल्लारी बैल लिहा, चालेल.

पहाटे_पाच: घाट चढतानाचं सगळं सांगितलंत. परत येताना साडेदहा किलोमीटर उतारच होता ना? तिथे किती जणांना गाठलंत?

कोपरारक्षक: चौदा. मोजले होते. पण दुसऱ्या दिवशी संडासात बसलो, ते भिंतीला धरून उठावं लागलं.