लिथुआनियाचं 'स्वतःचं' जेवण असं काही आहे का?

वायव्यवारा (धागाकर्ता)
आधी दोन वर्षं वॉर्सात होतो, आता लिथुआनियाच्या कौनास शहरात तीन झाली. एक मत बनलंय, ते इथे टाकतो. फोडून काढा.

लिथुआनियाचं पारंपरिक जेवण म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं निम्मं पोलंड-बेलारूसचं आणि उरलेलं जर्मनांचं नि ज्यूंचं. त्सेपेलिनाय घ्या. कच्च्या बटाट्याच्या किसाचा मुठीएवढा लांबट गोळा, आत खिमा, वर सावर क्रीम आणि स्पिर्गाय, म्हणजे कांद्यासोबत परतलेले डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. म्हणे राष्ट्रीय पदार्थ! सीमेपलीकडे पोलंडच्या सुवाल्कीत हाच गोळा 'कार्ताचे' म्हणून मिळतो. बटाट्याची धिरडी बेलारूसमध्ये द्रानिकी, पोलंडात प्लात्स्की. कुगेलिस म्हणजे बटाट्याचा किस भट्टीत भाजून केलेला पदार्थ, त्याचं तर नावच ज्यूंच्या कुगलवरून आलेलं. शाकोतिस हा फांद्या फुटलेल्या झाडासारखा केक, तो पोलंडात सेंकाच आणि जर्मनीत बाउमकुखेन. आणि बटाटा इथे आला अठराव्या शतकात, घरोघरी पोचला एकोणिसाव्यात. एवढ्यात कसली परंपरा?

खमंग
शेवटच्या वाक्याने घात केलात राव. बटाटा आपल्याकडे तरी कुठे पांडवांच्या काळापासून होता? म्हणून बटाटेवडा पोर्तुगालला देऊन टाकायचा?

वायव्यवारा
हा वडा प्रत्येक धाग्यात तळला जातो. बरं, मुद्दा मान्य. पण बटाटेवडा शेजारच्या चार देशांत चार नावांनी मिळत नाही. त्सेपेलिनाय मिळतात.

तिरकस
नावांवरून आठवलं. त्सेपेलिनाय हे नाव झेपेलिन हवाई जहाजाच्या आकारावरून आलं. पहिलं झेपेलिन उडालं १९०० साली, म्हणजे नाव त्यानंतरचं. त्याआधी 'दिझकुकुल्याय' म्हणत, म्हणजे मोठे गोळे. आणि पोलिश 'कार्ताचे' म्हणजे तोफेतून उडवायचे छर्रे. एकाने हवाई जहाज पाहिलं, दुसऱ्याने तोफ. जेवण झाल्यावर पोट मात्र दोघांचंही जड.

पोळपाट
वायव्यवारा, तुम्ही हॉटेलात खाता, म्हणून असं बोलता. विल्नियसला माझ्या घरमालकीण आजी हे करताना मी दर वेळी शेजारी उभी असते. बटाटे किसायला विजेचं वेगळं यंत्र आहे त्यांच्याकडे. किस फडक्यात घालून करकचून पिळायचा, पण ते पाणी लगेच ओतून द्यायचं नाही. तळाशी पांढरा चीक बसतो, अगदी कुरडयांच्या चिकासारखा. वरचं पाणी निथळून तो चीक परत किसात मळायचा, जोडीला थोडे उकडलेले बटाटे. किस काळा पडू नये म्हणून आजी चक्क 'क' जीवनसत्त्वाची गोळी कुटून घालतात! मग मंद उकळीत अर्धा तास. एखादा गोळा फुटला की आजींचा चेहरा बघवत नाही.

आणि ही रीत पोलंडची कशावरून? स्वीडनचे क्रोपकाकोर, नॉर्वेचे रास्पेबाल याच घराण्यातले. थंड प्रदेशात बटाटा पोचला की लोक गोळेच वळणार.

सुगरणीचा खोपा
शाल्तिबार्श्चायचं काय? बीट, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), काकडी, शेपू, उकडलेलं अंडं. गुलाबी गार सूप, शेजारी वेगळ्या ताटलीत गरम बटाटे. पोलिश लोक स्वतः त्याला 'ख्वोद्निक लितेव्स्की' म्हणतात, म्हणजे लिथुआनियन गार सूप. शेजाऱ्याने लेखी कबुली दिल्यावर आणखी काय हवं?

वायव्यवारा
इथेच तर गंमत आहे. त्या नावातलं लिथुआनिया आजचं नव्हे. लिथुआनियाच्या जुन्या महासंस्थानात आजचा जवळपास सगळा बेलारूस होता. शिवाय १५६९ ते १७९५ पोलंड आणि लिथुआनिया एकाच राज्यसंघात. बेलारूसमध्ये 'खालाद्निक' आजही घरोघरी होतो, तोही त्याच 'लितेव्स्की'चा वारस. विल्नियसने २०२३ पासून गुलाबी सूपाचा उत्सव सुरू केला म्हणून सातबारा त्यांच्या नावावर होत नाही.

तिरकस
सातबाऱ्याचे वाद त्या भागात नवे नाहीत. युक्रेनच्या बोर्श्टची, म्हणजे बीटाच्या सूपाची, युनेस्कोत नोंद झाली ती २०२२ साली, ऐन युद्धात.

घारापुरी
सगळे बटाट्यात अडकलात. बटाट्याआधी लोक खात होते ती 'दुओना', म्हणजे राय या धान्याचा काळा आंबट पाव. ओळख पटली का? भाषाशास्त्रज्ञ हा शब्द संस्कृत 'धाना'शी जोडतात, म्हणजे आपल्या धान्याची मावसबहीण. जुन्या पद्धतीत मागच्या खेपेचं थोडं आंबलेलं पीठ राखून पुढचं पीठ आंबवतात. आणि भट्टीत पाव चिकटू नये म्हणून खाली पानं घालतात वेखंडाची! ज्या वेखंडाची मुळी आपल्याकडे बाळाच्या गुटीत उगाळतात, तेच. मला तर पानगीच आठवली.

वायव्यवारा
वेखंडाचं माहीत नव्हतं, छान. पण रायचा काळा पाव लाटव्हियातही तसाच, तिथे 'रुप्यमाइझे'. म्हणजे पुन्हा शेजारी निघालाच.

घारापुरी
मग तुमची कसोटीच चुकतेय. शेजाऱ्याकडे अजिबात नसलेला पदार्थ मागाल तर जगात कुणाचंच जेवण स्वतःचं उरणार नाही. तरी हट्टच असेल तर झेमाइतियाला जा, देशाच्या वायव्येला. तिथलं 'कास्तिनिस' खा. सावर क्रीम आणि लोणी कोमट ठेवून घोटत बसतात, लसूण किंवा शहाजिरं घालून, घट्ट होईपर्यंत. गरम बटाट्यावर ते लावायचं. भांगेच्या बिया भाजून मिठासोबत कुटलेली कोरडी चटणीही तिथलीच. (हो, बियाच. उगाच उत्साहाने तिकिटं काढू नका.) उलट दक्षिणेला द्झुकियात रेताड जमीन, धान्य बेताचं, म्हणून जंगलातल्या अळिंब्या आणि कुट्टू. वॉर्साहून आलेल्याला हे सगळं 'पोलंडसारखं' दिसतं, कारण तो पोलंड शोधत आलेला असतो.

सुगरणीचा खोपा
घारापुरींशी सहमत. नाताळच्या आदल्या रात्रीचं बघा. बारा पदार्थ, मांस वर्ज्य, ही रीत पोलंडातही आहे. पण लिथुआनियात गोटीएवढे कडक 'कुचुकाय' खसखशीच्या दुधात बुडवून खातात. खसखस भिजवून, वाटून, पाणी घालून काढलेलं दूध. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा वाटलं, वेलची राहिलीच.

खमंग
त्राकायचे किबिनाय कुणी काढले नाहीत अजून? मटण भरलेल्या करंज्या. कराइम या तुर्की घराण्यातली भाषा बोलणाऱ्या छोट्या समाजाच्या, ज्यांना चौदाव्या शतकाच्या शेवटी लिथुआनियाचा राजा व्हितौतासने क्रिमियातून आणून वसवलं. ते पाहुणे म्हणायचे की घरचे?

वायव्यवारा
सहाशे वर्षं राहिले म्हणजे घरचेच. पण मग कुगेलही घरचाच धरावा लागेल आणि माझा अर्धा धागा उसवेल, ते कळतंय मला. कास्तिनिस खाल्लेलं नाही, हेही कबूल. शनिवारी शोधतो. बटाट्याबद्दलचं मत मात्र कायम.

पोळपाट
शोधा. आणि वाचणाऱ्यांत कुणी शाकाहारी असेल तर त्सेपेलिनाय पनीरसारख्या 'वार्श्के'चं सारण घातलेले मागा. पण स्पिर्गाय नकोत हे आधीच, दोनदा सांगा. मी एकदाच सांगितलं होतं.