बापाच्या पैशावर संत?

चिंचोके: काल इथे एकजण लिहून गेले, "कॅथरिन ड्रेक्सेल म्हणजे बापाच्या पैशावर झालेली संत. बँकरच्या पोरीचं दान करायला काय जातं?" रात्रभर डोक्यात तेच. अमेरिकेतली ही कॅथलिक संत कॅथरिन राहू द्या, आधी तिची सावत्र आई बघा, एमा. फिलाडेल्फियातल्या राहत्या घराचं दार आठवड्यातून ठरल्या दिवशी गरिबांना उघडं. कुणाचं भाडं थकलंय, कुणाला औषध, कुणाला कपडे. मुलींनाही सोबत उभं करायची. १८८३ मध्ये ती कॅन्सरने गेली, १८८५ मध्ये वडील. इस्टेट दीड कोटी डॉलरच्या वर. मुलींना मुद्दलाला हात लावता येत नव्हता, नुसतं व्याज. कॅथरिनने ते कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलांच्या शाळांवर घातलं आणि १८९१ मध्ये स्वतःच सिस्टर (जोगीण) होऊन सिस्टरांची संस्था काढली.

पारावरचा: ते लिहिणारे आम्हीच. व्याज आयतं येतं हो. आमची आजी धुणीभांडी करून शेजारच्या पोराची फी भरायची. तिला कुणी संत म्हटलं?

चिंचोके: आजीला नमस्कार. पण ही बाई पेन्सिल थुटका होईपर्यंत वापरायची. आयुष्यभरात वाटायला दोन कोटी डॉलर आणि स्वतःसाठी थुटका.

पारावरचा: काटकसर आमच्याकडे घराघरात आहे, त्याला व्हॅटिकन लागत नाही.

जुनाट_छत्री: थुटके मोजून झाले असतील तर विचारतो, मूलनिवासी पोरांना घरापासून तोडून निवासी शाळेत ठेवणं आणि त्यांची भाषा पुसणं हा त्या काळचा शिरस्ता होता. हिचे पैसे तसल्या शाळांतही गेले. कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या तिच्या संस्थेत कृष्णवर्णीय मुलींना सिस्टर म्हणून कित्येक दशकं घेत नव्हते, ते का लिहिलं नाही?

चिंचोके: घेत नव्हते, मान्य. त्यांच्या वेगळ्या संस्था होत्या, त्यांच्या उमेदवार पळवायच्या नाहीत असं कारण दिलं जायचं. पटत नाही मलाही. पण तिने काढलेली न्यू ऑर्लिन्सची झेवियर शाळा १९२५ मध्ये कॉलेज झाली, तिथून किती कृष्णवर्णीय डॉक्टर निघाले तेही बघा की.

फिली_वहिनी: कॅथरिनची कबर २०१८ पासून इथल्या, फिलाडेल्फियाच्या कॅथेड्रलमध्ये आहे. आधी बेन्सेलमला होती. एमाबद्दल एक राहिलं. मागणारा खरंच गरजू आहे का हे बघायला तिने बाई ठेवली होती, ती घरी जाऊन चौकशी करायची.

पारावरचा: बघा! चौकशी! आलोच शेवटी मुद्द्यावर. पाचवीत एका ट्रस्टने मला गणवेश दिला. स्टेजवर बोलावलं, माइकवर "वडील नाहीत" असं सांगितलं, खाली अख्खी शाळा. गणवेश दोन मापं मोठा. आई म्हणाली, दुमडून घाल. फोटो अजून कुणाच्या तरी कपाटात असेल.

निर्मळकर: दादा, ते वेगळं. आमच्या वसईत सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक अंधार पडल्यावर यायचे. चहा प्यायचे, विहिरीच्या पाण्याचं बोलायचे, आणि निघताना पाकीट बशीखाली. चौकशी झालेली असायचीच, पण शेजाऱ्याला पत्ता नाही.

जुनाट_छत्री: आमच्या मंदिरात पंख्याच्या तीन पात्यांवर तीन देणगीदार. पंखा चालू केला की एकही वाचता येत नाही, म्हणून एक काका बंद करायला लावतात.

फिली_वहिनी: 😂 आमच्या मंडळात तर खुर्चीच्या पाठीवर.

पारावरचा: हसा. मी मे महिन्यात त्या पंख्याखाली बसलोय.

चिंचोके: धागा ड्रेक्सेलचा होता, आठवण म्हणून. आणि गंमत ऐका. १९५५ मध्ये कॅथरिन गेली, तेव्हा ट्रस्टचं मुद्दल वडिलांच्या मृत्युपत्रातल्या जुन्या धर्मादाय संस्थांना गेलं. तिच्या संस्थेचं नावच त्यात नव्हतं, कारण मृत्युपत्र केलं तेव्हा ती संस्था जन्मलीच नव्हती. सिस्टरांचं व्याज एका दिवसात बंद.

पारावरचा: म्हणजे बापाचा पैसा शेवटी बापाकडेच. बरं, "काय जातं" हे वाक्य मागे घेतो. "संत" वर अजून विचार करतोय.

जुनाट_छत्री: निवासी शाळांचं उत्तर अजून आलेलं नाही.