मदत हवी आहे – ‘प्रेस’ या एका शब्दाचे किती अर्थ?
नमस्कार मंडळी, मुलगी सातवीत आहे, तिला एकाच इंग्रजी शब्दाचे वेगवेगळ्या क्षेत्रातले अर्थ लिहायचेत आणि आम्ही नाशिकरोडचे त्यामुळे पहिला शब्द सुचला तो प्रेस, कारण आमच्याकडे प्रेस म्हटलं की नोटांचा छापखानाच, १९२८ पासून इथे नोटा छापतात. पण तिचे बाबा सातपूरला कारखान्यात आहेत, त्यांच्या लेखी प्रेस म्हणजे पत्रा कापायचं, वाकवायचं पॉवर प्रेस. वायनरीत द्राक्षं दाबून रस काढतात तेही प्रेसच, भाचा जिममध्ये बेंच प्रेस मारतो, गाडीवर ‘प्रेस’ लिहिलं की पत्रकार, आणि कपडे तर रोजच प्रेसला देतो.
मूळ अर्थ दाबणे एवढं कळलं. गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास लाकडी स्क्रूच्या दाबाने कागदावर छाप उठवला, म्हणून छापखाना प्रेस आणि पुढे बातम्या छापणारेही प्रेस, हे मला फार आवडलं!
अजून कुठल्या धंद्यात हा शब्द वापरतात? आणि पॉवर प्रेसला मराठीत नेमकं काय म्हणायचं, दाबयंत्र चालेल का? कामगार मंडळींनी प्लीज सांगा, सोमवारी वही द्यायचीये.