ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचे खोके रिकामे निघाले. कंपनी म्हणते, ‘वजन बरोबर होते’

प्रश्न (डोंबिवली, मूळ गाव देवगड तालुका)

गावी आई एकटीच असते. तिच्यासाठी मी इथून एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून 4,299 रुपयांचा मिक्सर मागवला आणि पैसे माझ्या क्रेडिट कार्डावरून भरले. कुरिअरचा मुलगा भर पावसात पार्सल घेऊन आला. ओटीपी माझ्या फोनवर आला होता, तो मी त्याला फोनवरूनच सांगितला. खोके हातात घेताच आईला ते हलके वाटले, पण ती काही विचारेपर्यंत मुलगा गाडी वळवून निघूनही गेला होता. शेजारच्या काकूंसमोर खोके उघडले, तेव्हा आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांशिवाय काहीही नव्हते. उघडतानाचा व्हिडिओ आमच्याकडे नाही. आईकडे साधा फोन आहे.

मी त्याच दिवशी तक्रार नोंदवली. तीन दिवसांनी उत्तर आले की, पार्सलचे वजन 4.8 किलो नोंदलेले आहे, ओटीपी देऊन ते स्वीकारलेले आहे, त्यामुळे परतावा देता येत नाही. खोक्यावरच्या चिठ्ठीवरही 4.8 किलोच छापलेले आहे, म्हणून मला पुढे काय बोलावे ते सुचेना. शिवाय मागवणारा मी आणि घेणारी आई, मग तक्रार करण्याचा हक्क नेमका कोणाचा?

उत्तर (कुडाळ, निवृत्त पोस्टमास्तर)

सर्वप्रथम खोके, चिकटपट्टी, चिठ्ठी आणि ते बोळे यांतले काहीही टाकून देऊ नका. पावसाळ्यात पुठ्ठा चार दिवसांत मऊ पडतो, म्हणून सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवायला आईंना सांगा. खोके आहे त्या स्थितीत गावातल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून, काट्यावरचा आकडा आणि चिठ्ठी दोन्ही दिसतील असा फोटो काढून घ्या. शेजारच्या काकूंनी काय पाहिले ते तारीख आणि वेळेसह साध्या कागदावर लिहून त्यांची सही घ्या. व्हिडिओ नसला तर तक्रारच करता येत नाही, असे कोणताही कायदा सांगत नाही.

चिकटपट्टीही नीट पाहा. पट्टीवर पट्टी असेल, किंवा खालची पट्टी कापून वर नवी लावलेली असेल, तर माल वाटेत काढला गेला असण्याची शक्यता अधिक. पट्टी एकसंध असेल तर खोके मुळातच रिकामे निघालेले असावे. आमच्या काळी पार्सलची शिवण उसवलेली दिसली की आम्ही पावतीआधीच पंचनामा करत असू. आता पावती ओटीपीने होते आणि शिवण कोणी पाहत नाही.

ओटीपीविषयी एवढेच: त्याने खोके पोहोचल्याचे सिद्ध होते, खोक्यात काय होते ते नव्हे.

उत्तर (रत्नागिरी, आंबा बागायतदार)

वरील सल्ला योग्यच आहे, पण चिठ्ठीवरच्या 4.8 किलोला एवढे घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. मी दर हंगामात हापूसच्या पेट्या कुरिअरने पाठवतो, त्यामुळे हा हिशोब मला चांगलाच ठाऊक आहे. कुरिअरवाले दोन वजने धरतात: एक काट्यावरचे, दुसरे आकारमानाचे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा 5000 ने भागायचे. येणारा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्यावर घेतात. हलक्या पण मोठ्या खोक्याला जास्त पैसे का पडतात, त्याचे उत्तर हेच. तुमचे खोके मोजा पाहू.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आईने शिवणकामाच्या टेपने मोजले: 40, 30 आणि 20 सेंटिमीटर. गुणाकार 24,000, भागिले 5000, म्हणजे बरोबर 4.8. किराणा दुकानाच्या काट्यावर बोळ्यांसकट खोके 690 ग्रॅम भरले. चिकटपट्टी एकसंध आहे आणि बोळे गुजराती वर्तमानपत्राचे आहेत. चिठ्ठीवर विक्रेत्याचा पत्ताही गुजरातमधलाच आहे.

उत्तर (रत्नागिरी, आंबा बागायतदार)

मग कंपनीने पुरावा म्हणून दिलेला आकडा आकारमानाचाच दिसतो. रिकामे असो वा भरलेले, त्या खोक्याची चिठ्ठी 4.8 च दाखवणार. आता लेखी विचारा की, प्रत्येक केंद्रावर काट्यावर नोंदलेले प्रत्यक्ष वजन किती होते.

उत्तर (अलिबाग, ग्राहक तक्रारींत मदत करतो)

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तू विकत घेणारा ग्राहक असतोच, आणि त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहकच असतो. त्यामुळे तुम्ही किंवा तुमच्या आई, कोणीही तक्रार करू शकता. माल विक्रेत्याने काढला की कुरिअरने, हे शोधण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. गुजराती बोळ्यांवरून आपण अंदाज बांधू शकतो, पण तक्रारीत कोणावरही चोरीचा आरोप लिहू नका. पैसे घेतले आणि वस्तू मिळाली नाही, एवढेच लिहा.

ग्राहक सेवेच्या गप्पांच्या खिडकीत वेळ न घालवता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवा. ई-वाणिज्य नियम, 2020 नुसार त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. काट्यावरचा फोटो, खोक्याची मापे, काकूंचे निवेदन आणि वजनाचा प्रश्न त्याच ईमेलमध्ये असू द्या. त्यासोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते. मात्र माझ्या अनुभवात तेवढ्यानेही बऱ्याच फायली हलतात. कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याची, मागणी आजच करा, कारण तिला मुदत असते.

एवढे करूनही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, म्हणजे तुम्ही ठाण्यात किंवा आई सिंधुदुर्गात. कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, बावीस दिवसांनंतर

तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला आणि 1915 वर नोंदही केली. पोच दुसऱ्याच दिवशी आली. काट्यावरच्या वजनाबद्दल दोनदा विचारले, तरी आकडा शेवटपर्यंत मिळाला नाही. अठराव्या दिवशी ‘विशेष बाब म्हणून’ पूर्ण 4,299 रुपये कार्डावर परत केल्याचे कळवण्यात आले. त्या शब्दांचा मला राग आला, पण पैसे आल्यामुळे बँकेकडची मागणी मागे घेतली. आईने देवगडच्या दुकानातून मिक्सर आणला असून दुकानदाराने तो तिच्यासमोर लावून, फिरवून दाखवला.

उत्तर (कुडाळ, निवृत्त पोस्टमास्तर)

परतावा प्रत्यक्ष विवरणपत्रात दिसेपर्यंत ते खोके टाकू नका.