सही करणारा समोर नसेल, तर नोटरीने शिक्का मारायचाच नाही

तळेगावकर: परवा एकाने तक्रार लिहिली. वडील अंथरुणाला खिळलेले, कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर) सही घरूनच आणली, तर नोटरी म्हणाला, "त्यांना आणा, नाहीतर मी घरी येतो." याला अडवणूक म्हणायचं? सही माझ्यासमोर झाली, एवढंच तर नोटरी लिहून देतो. माझ्या आत्याची जमीन माणूस समोर नसताना शिक्का मारलेल्या अशाच कागदामुळे अडकलीय. कागदावरच्या तारखेला आत्या मिरजेत दवाखान्यात होती. खाली अंगठा आहे. आत्या सातवी शिकलेली, जन्मभर सही करत आलीय!

माहेरवाशीण: माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा तीन नोटरींच्या पाया पडले. घरी यायला एकही तयार नाही. नुसता नकार देणं सोपं असतं हो.

कोर्टनाका: मी स्वतः नोटरी आहे. मजकूर खरा की खोटा, हे आम्ही ठरवत नाही. पण माणूस समोर नाही, कागदात कोऱ्या जागा आहेत, किंवा सही करणाऱ्याला मजकूर कळतच नाही, तर परत पाठवतो. तोच कागद शेजारच्या टेबलावर दोन मिनिटांत होतो, याचा त्रास होतो.

जुना भाडेकरू: मग ११ महिन्यांचे भाडेकरार का करून देता? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ११ महिन्यांचा करार नोंदणीविना चालतो, अशी सूट महाराष्ट्रात नाही. नोटरीचा कागद हातात असून माझी अनामत बुडाली.

घरमालक: खर्च नको म्हणून भाडेकरूच नोटरी मागतात. माझ्याकडे तिघांनी मागितली.

जुना भाडेकरू: मागू देत. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. चुकलात तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड.

घरमालक: कलमं तोंडावर फेकू नका. भाडं थकवून पळालेले मी पाहिलेत.

कोर्टनाका: भांडा, पण भाडेकरारापुरतं जुना भाडेकरूंचं बरोबर आहे. मीही पूर्वी केलेत, आता बंद केले. लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागदही नोटरीने करायचे नाहीत, असं केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावलंय. तरी लोक येतातच. तळेगावकर, आत्याच्या कागदावर शिक्का मारणाऱ्या नोटरीच्या रजिस्टरची नक्कल काढा. प्रत्येक कागदाची नोंद आणि सही करणाऱ्याची सही किंवा अंगठा त्यात असायला हवा.

माहेरवाशीण: समोर माणूस हवा, मान्य. पण मग घरी जायची तयारी ठेवा, नाहीतर म्हाताऱ्यांनी करायचं काय?

तळेगावकर: नक्कल आली. त्या नोंदीत आत्याचं नाव आहे. सही-अंगठ्याचा रकाना कोरा.