एकच शिराज, दोन रानं: तापीकाठची काळी आणि पिंपळनेरची मुरमाड

शिरपूरकर

राम राम मंडळी. प्रश्न वाईनच्या द्राक्षांचा आहे, खाण्याच्या नाही.

दोन तुकडे आहेत. एक शिरपूरजवळ तापीकाठी, ३ एकर, खोल काळी. आजवर कापूस आणि पपई. दुसरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला, २ एकर, उताराचा, वीत-दीड वीत मातीखाली मुरूम. दोन्हीकडे विहीर आणि ठिबक आहे. परीक्षणात काळ्या रानाचा सामू ८.३, मुक्त चुना ११ टक्के आणि पालाश 'अत्यंत जास्त' आला. मुरमाडाचा सामू ७.६, चुना ३ टक्के, पालाश मध्यम.

जो तो सांगतो की वाईनमध्ये माती आणि हवा उतरते. उतरते म्हणजे नेमकं काय होतं? सॉव्हिनॉन ब्लँक (पांढऱ्या वाईनचा वाण) आणि शिराज (लाल वाईनचा) डोक्यात आहे. कोणता वाण कुठे लावावा, आणि काळ्या रानात मुळात लावावा का?

मुरूममाती

भाऊ, आधी हवेचं बोलू, कारण माती थोडीफार सांभाळता येते, ऊन नाही.

मणी पाणी धरून मऊ पडायला लागला की त्यात तीन गोष्टी एकाच वेळी चालतात: साखर चढते, आम्ल उतरतं, रंग आणि वास तयार होतो. या तिघांचा वेग सारखा नसतो, आणि प्रदेशाप्रदेशातला फरक तिथेच पडतो. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक उन्हाला फारसं दाद देत नाही. मॅलिक मात्र वेल श्वसनात जाळतो, आणि तापमान वाढेल तसा हा जाळण्याचा वेग वाढतो. रात्र उबदार असेल तर रात्रीही चालू राहतो. म्हणून थंड भागातली सॉव्हिनॉन ब्लँक कापलेल्या गवतासारखी, हिरव्या मिरचीसारखी धारदार लागते आणि तापलेल्या भागातली तीच पिकलेल्या फळाकडे झुकते, मग सपक होते. शिराजचंही तसंच. थंडीत पिकली तर तिच्यात काळ्या मिरीचा वास येतो (त्या रसायनाचं नाव रोटंडोन, मिरीतही तेच असतं), उन्हात पिकली तर मुरंब्याचा. दुपारी पारा ३५ च्या वर राहू लागला की सालीतला लाल रंगही नीट भरत नाही.

आता खानदेशाकडे बघा. आपण २१ अक्षांशावर. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळ्यात फळ देतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून आपण त्याला कात्रीने झोपवतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि फळ थंडीत. म्हणजे फ्रान्सच्या शेतकऱ्याला हवामान जमिनीबरोबर मिळतं, आपण ते छाटणीच्या तारखेने निवडतो. सॉव्हिनॉन ब्लँकला फळछाटणीपासून साधारण १३० दिवस लागतात, शिराजला १४५ ते १५०, कॅबरनेला (हाही लाल वाण) त्याहून पंधरवडा जास्त. शिरपूर-जळगाव पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत दुपार २९-३० अंशांची आणि रात्र १०-१२ ची. वाईनला याहून चांगलं काय मागणार? पण फेब्रुवारीच्या मध्यानंतर गाडी सुटते आणि मार्चमध्ये ३७-३८ येतात.

म्हणून तापीकाठी शिराज १५ ऑक्टोबरला छाटली तर ती मार्चच्या झळांत पिकणार. साखर आठवड्यात २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्के) पोचेल, बी अजून हिरवी आणि आम्ल गेलेलं. तीच ५ सप्टेंबरच्या सुमारास छाटली तर जानेवारीअखेर तोडायला येते. फुकट मात्र काही नाही: सप्टेंबरात पाऊस असतो, नवे कोंब आणि कोवळी पानं नेमकी त्यात सापडतात, डाउनी (केवडा) आणि करपा हे दोन्ही बुरशीचे रोग येतात. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतो, गळतो. बागलाणात आगाप द्राक्षं करणारे हा जुगार दरसाल खेळतात, त्यांच्याकडून फवारणीची शिस्त शिकून घ्या.

पिंपळनेरला १०-१५ दिवस उशीर चालतो, कारण उंची. दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश उतरतात. मोबाईलवर दोन्ही रानांची उंची काढून वजाबाकी करा, किती दिवस हाती लागतात ते कळेल. एक गोष्ट मात्र उलटी आहे: थंड हवा जड, ती उतारावरून घसरून खोऱ्यात साचते. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे तापीकाठ टेकडीपेक्षा जास्त गार असू शकतो. तापीकाठाचं दुखणं रात्र नाही, फेब्रुवारीची दुपार आहे.

गाळपघर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी गाळपाच्या बाजूने मातीचं सांगतो.

बेसाल्टची वाईन दगडासारखी लागते, चुनखडीची खडूसारखी, हे ऐकायला छान आहे, पण मुळं दगडाची चव उचलत नाहीत. माती दोन वाटांनी वाईनमध्ये पोचते: पाणी किती आणि केव्हा देते, आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, किती देते.

दुसरी वाट आपल्याकडे फार महाग पडते. पुष्कळांना वाटतं, चुन्याची जमीन म्हणजे रसाचा पीएचही (सामू; आम्ल जास्त तितका तो कमी) चढणार. तसा थेट संबंध नाही. फ्रान्सचा शॅम्पेन भाग खडूवर आहे आणि तिथली वाईन जगातल्या सगळ्यात आंबट वाईनमध्ये मोडते. पीएच चढवतो तो पालाश. मण्यात पोटॅशियम जास्त आलं की ते टार्टारिक आम्लातल्या हायड्रोजनची जागा घेतं, त्याचं मीठ बनतं आणि थंड टाकीच्या तळाशी साखरेच्या बारीक खड्यांसारखं बसतं. आम्ल गेलं, पीएच वर. लाल वाईनमध्ये हे आणखी वाढतं, कारण पोटॅशियम सालीत जास्त असतं आणि आंबवताना साल रसातच असते. गाळपाला ३.५ असलेला रस आंबवण संपेपर्यंत ३.८ झाला तर नवल नाही.

३.८ ला काय बिघडतं? वाईन टिकवायला गंधक, म्हणजे सल्फर डायऑक्साइड लागतो आणि त्याचा कामाचा भाग पीएचवर ठरतो. ३.३ पीएचला लिटरमागे २५-२६ मिलिग्रॅम मुक्त गंधकात जे काम होतं, त्याला ३.८ ला ७९-८० लागतात. तेवढा घातला तर नाकात जातो, नाही घातला तर जंतू वाढतात. रंगही जांभळट, मळका दिसतो. टार्टारिक आम्ल घालून पीएच उतरवता येतो, लिटरला १ ग्रॅमने साधारण ०.१, पण पालाश भरपूर असेल तर घातलेलं आम्लही मीठ होऊन तळाशी जातं. ३.८ चा ३.५ करायला हिशोबाने ३ ग्रॅम लागतील असं वाटतं, प्रत्यक्षात जास्त जातं आणि वाईन जिभेला चावते.

म्हणून 'अत्यंत जास्त' पालाश असलेल्या रानात पहिली तीन-चार वर्षं पालाशची गोणी आणूच नका. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगायला पोटॅश सोडायची सवय असते, ती इथे नडते. देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करा आणि त्यावर ठरवा. खुंटही बघा, म्हणजे ज्या मुळावर वाणाचं कलम बांधतात तो. डॉगरिज आपल्याकडे सगळीकडे आहे; क्षार सोसतो, पाण्याचा ताण सोसतो, पण जोर फार आणि पोटॅश हावरटासारखा उचलतो. काळ्या रानात त्यावर शिराज म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास आपण होऊन विकत घेणं. ११० आर किंवा १४० रग्गेरी घ्या. दोन्हींत बर्लांडिएरी या रानटी द्राक्षजातीचं रक्त आहे, पोटॅश कमी उचलतात आणि ११ टक्के चुन्यात पिवळे पडत नाहीत. १४० रग्गेरीचा जोर मात्र खोल जमिनीत जास्त होतो, म्हणून तुमच्या काळ्या रानाला माझं मत ११० आर.

तापीकाठ

काळ्या मातीला सगळेच नावं ठेवतात म्हणून थोडी बाजू घेतो.

फ्रान्समधल्या बोर्डोत पोमरोल म्हणून गाव आहे. तिथली सगळ्यात महागडी वाईन ज्या टेकाडावर होते तिथे चिकट माती आहे, आणि तिच्यातलं खनिज स्मेक्टाइट, म्हणजे आपल्या कापसाच्या काळ्या मातीतल्याच कुळातलं: ओली झाली की फुगते, वाळली की भेगा. तिथे ती का चालते? फुगलेल्या मातीत पाऊस आत शिरत नाही, वरून वाहून जातो. मातीतलं पाणी वेलाला हळूहळू, ओढूनताणून मिळतं. वेल मरत नाही पण माजतही नाही, शेंडा वेळेवर थांबतो. पलीकडे त्याच बोर्डोत कॅबरने खडीच्या जमिनीवर घेतात, कारण खडी पाणी सोडते आणि लवकर तापते. म्हणजे माती चांगली-वाईट नसते, मणी रंग धरताना पाणी तुटतं की नाही हे महत्त्वाचं.

तापीकाठी ते आपोआप तुटत नाही. खोल काळी माती मीटरभर खोलीत १५०-२०० मिलिमीटर पाणी धरून बसते आणि गाळ त्याच्याही खाली आहे. ठिबक बंद केलं तरी वेलाला महिनाभर पत्ता लागत नाही. शेंडा चालूच, वांझफूट चालूच, घड सावलीत, मणी मोठा. मोठ्या मण्यात रसाच्या मानाने साल कमी, आणि लाल वाईनचा रंग-तुरटपणा सालीत. म्हणून फिकी.

उपाय आहे. दीड फुटाचे गादीवाफे करा. पावसाळ्यात दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात बाजरी किंवा ज्वारीचा चारा पेरा. तो पाणी आणि नत्र दोन्ही ओढतो, आणि कापून बाहेर नेला तर पालाशही रानाबाहेर जातो. तिथेच आच्छादन केलं तर पालाश परत तुम्हालाच, हे लक्षात ठेवा. मणी सेट झाल्यावर पाणी अर्ध्यावर आणा आणि शेंड्याची कोवळी वेटोळी (वेल आधार धरतो ते ताणे) बघत राहा. ती वेलाच्या टोकापुढे लांब निघालेली असतील तर वेल अजून पाण्यावर आहे. वाळून गळाली की ताण बसला. त्यानंतर पुन्हा थोडं पाणी, पानं जळू द्यायची नाहीत. मुरमाडात नेमका उलटा धोका: तिथे आठ दिवस वीज नसली की मणी सुकतात, साखर चढल्यासारखी दिसते पण ती नुसती आटून चढलेली.

लावण्याआधी दोन्ही रानांत जेसीबीने चार फुटांचे दोन-दोन खड्डे घ्या. भिंतीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफस किती खोलीवर सुरू होते ते मोजा. परीक्षणाचा नमुना वरच्या फुटाचा असतो, चुन्याचे खडे बहुधा खाली भेटतात.

शिरपूरकर

तिघांचे आभार. म्हणजे शिराज पिंपळनेरला, हे पक्कं समजतो. मग काळ्यात सॉव्हिनॉन ब्लँक? आणि तोडणीचा दिवस कसा धरायचा? ब्रिक्सचं यंत्र आहे.

मुरूममाती

काळ्यात सॉव्हिनॉन नको, तिचा घड घट्ट असतो. पानांच्या दाटीत हवा खेळली नाही तर आतून कुजतो. चेनिन ब्लँक लावा, तोही पांढरा वाण. घड तिचाही घट्टच, छाटणीनंतर वांझफूट काढायचा कंटाळा केला तर तीही कुजेल, पण उन्हात आम्ल धरून ठेवण्यात ती दांडगी आहे आणि जरा जास्त माल लागला तरी सांभाळते. शिवाय फसफसणाऱ्या वाईनसाठी ती १८-१९ ब्रिक्सलाच तोडतात, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रान मोकळं, फेब्रुवारीशी संबंधच नाही. तापीकाठी मला तीच सगळ्यात शहाणी वाट वाटते. सॉव्हिनॉनची हौस असेल तर पिंपळनेरला चार ओळी.

नुसत्या ब्रिक्सवर तोडू नका, आपल्या हवेत साखर खोटं बोलते. तोडणीच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा, सकाळी ८ च्या आत २०० मणी गोळा करा: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले, टोकाचे. हाताने चिरडून गाळा. पीएच मीटर ४ आणि ७ च्या द्रावणावर लावून घ्या. आम्लासाठी १० मिली रसात ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच ८.२ होईपर्यंत, जेवढे मिली लागले त्याला ०.७५ ने गुणा, लिटरमागे टार्टारिक ग्रॅममध्ये मिळेल. ९ मिली लागले तर ६.७५. शिराजला २३-२४ ब्रिक्स, पीएच ३.५ च्या आत, आम्ल ६ च्या आसपास. साखर २२.५ वर असताना पीएच ३.५५ दिसला तर २४ ची वाट बघू नका, तोडा. बी चावून बघा: तपकिरी आणि कुरकुरीत हवी, हिरवी चिकट नको.

बांधावरचा

दोन गोष्टी राहिल्या. ओळी उत्तर-दक्षिण घ्या. जानेवारीत आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, पूर्व-पश्चिम ओळीत दक्षिणेकडचे घड दिवसभर भाजतात. उत्तर-दक्षिण ओळीतही घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडची काढायची, सकाळच्या कोवळ्या उन्हापुरती. पश्चिमेकडच्या पानांना हात लावायचा नाही.

आणि तोडणी पहाटे ४ ला सुरू करून ९ ला बंद. शिरपूरहून नाशिककडे माल नेताना दुपार लागली तर क्रेटमधले खालचे मणी फुटतात आणि गाडीतच आंबायला लागतात. क्रेट १५ किलोच्या वर भरू नका, वर ओलं गोणपाट. रोपांची ऑर्डर द्यायच्या आधी वाईनरीशी लेखी करार, त्यात ब्रिक्ससोबत पीएचची अटही लिहून घ्या. नाहीतर भाव ब्रिक्सवर ठरतो आणि कपात पीएचवर होते.