१२५बी डब्यावरचं आर्टवर्क: नॉबखाली झाकली जाणारी अक्षरं
१२५बी म्हणजे गिटार इफेक्ट पेडलसाठी वापरला जाणारा धातूचा डबा. त्यावर छापून आल्यावर नॉबखाली कंट्रोलची नावं झाकली जातात, कारण आर्टवर्क भोकाच्या मापावर बेतलंय. पॉटचं (नॉब ज्यावर बसतो तो पोटेन्शिओमीटर) भोक ७ मिमीच्या आसपास, नॉब मात्र १५-२० मिमीचा. न छापायच्या वेगळ्या लेयरवर नॉबचं वर्तुळ काढा, अक्षरं त्याच्या बाहेर निदान २ मिमी. फुटस्विचचं भोक १२ मिमी, पण वॉशर बराच मोठा; तोही मोजा. पॉट साधारण ३०० अंश फिरतो, म्हणून ० ते १० च्या खुणा ३०-३० अंशांवर, घड्याळातल्या ७ पासून ५ पर्यंत.

काळ्या डब्यावर यूव्ही छपाईत रंगाखाली पांढरा थर हवाच. तो ०.१ मिमी आत घ्या, नाहीतर कडेला पांढरी रेघ डोकावते. आणि फॉन्टचे कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर करूनच, फाइल पाठवा. नाहीतर देवनागरीत जोडाक्षरं हमखास फुटतात.